मालाडच्या खाडीतली तिवरं का करपली? पान दुमडणाऱ्या अळीची आणि तिच्या पतंगाची ओळख

गणपती जाऊन आठ दिवस झाले होते. आमचं भात पोटरीत होतं आणि मी बांधावर उभा होतो. तेवढ्यात मालाडहून मेव्हण्याचा फोन आला. "भावोजी, मार्व्याच्या बाजूची तिवरं जळाली. कुणीतरी औषध मारलंय. तुम्ही बातमी लावा." मागोमाग व्हॉट्सॲपवर चार फोटो आले. खरंच, खाडीकडेचा अख्खा पट्टा तपकिरी पडला होता. आग लागून गेल्यासारखा.

तिवरं तोडून, भराव टाकून जागा लाटायचे प्रकार मुंबईत नवे नाहीत. त्यामुळे मलाही शंका आली नाही. मोबाईलवर बातमी टाइप करून ठेवली. मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह घातलं. प्रश्नचिन्ह घातलं की आपण सुटलो, असं आम्हा वार्ताहरांना वाटतं. वस्तीत एका माणसाचं नावही फिरायला लागलं होतं. फक्त जागेवरचा एक फोटो स्वतः काढावा म्हणून दुसऱ्या दिवशी गाडी धरली.

खाडीवर उतरलो, एक फांदी वाकवली आणि पान उलटं केलं. पानाची कड दुमडलेली, बारीक धाग्याने शिवल्यासारखी. दुमड उघडली तर आत काळपट अळी. दुसरं पान उघडलं, त्यातही अळी. खालच्या चिखलावर मोहरीएवढ्या काळ्या लेंड्यांचा सडा पडलेला. कोतवाल, साळुंक्या, कावळे फांद्यांवर तुटून पडलेले. आणि शेजारची चिप्पीची झाडं मात्र हिरवीगार. टाइप केलेली बातमी तिथेच पुसली.

आपल्याकडच्या खाडीकाठच्या गावांतूनही असे फोटो येतात. खाली 'विषप्रयोग', 'केमिकल सोडलं', 'कारवाई करा' असं लिहिलेलं असतं. कधी ते खरं असेलही. पण ओळख पटल्याशिवाय कुणाचं नाव घेऊ नये आणि पंप घेऊन फवारायलाही धावू नये. म्हणून या अळीची आणि तिच्या पतंगाची सगळी माहिती एका जागी देत आहे. जपून ठेवा.

ही अळी कोणाची?

ही एका पतंगाची अळी आहे. शास्त्रीय नाव हिब्लिया प्युएरा. वनखात्याचे लोक तिला 'सागावरची पाने खाणारी अळी' म्हणतात, कारण सागाची ही जुनी आणि नामांकित कीड आहे. पण सागाइतकंच तिला तिवरही आवडतं. मुंबईच्या खाड्यांमधल्या तिवरांवर ती येते याची नोंद शास्त्रीय लेखांत बऱ्याच वर्षांपासून आहे. साधारण पावसाळा ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तिवरांवर तिची झुंबड दिसते. सागावर मात्र ती पावसाच्या सुरुवातीला, कोवळी पालवी फुटली की येते.

मालाडमध्ये ही दोन्ही झाडं आहेत. रेल्वेच्या पूर्वेला कुरार-दिंडोशीच्या मागे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल लागतं, त्यात साग आहे. पश्चिमेला मालवणी, मार्वे, एरंगळ, मढ या बाजूला खाड्या आणि तिवरं. पलीकडे मनोरी-गोराई. म्हणजे पाच-सात किलोमीटरच्या आत या पतंगाला दोन्ही हंगामांचं जेवण मिळतं. वसई, पालघर, डहाणूकडेही तसंच आहे. बांधावर आणि जंगलात साग, खाडीत तिवर.

अळी ओळखायची कशी?

पूर्ण वाढलेली अळी साडेतीन ते साडेचार सेंटीमीटर, म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढी लांब असते. अंग गुळगुळीत. सुरवंटासारखे दाट केस नसतात, त्यामुळे हाताला लागली तरी अंगावर खाज येत नाही.

रंगाने मात्र फसगत होते. एकाच झाडावर हिरवट अळ्या आणि काळ्या अळ्या दिसल्या तर लोकांना वाटतं दोन किडी आल्या. तसं नाही. अळ्या थोड्या असतील तर रंग फिकट हिरवट राहतो. दाटी झाली की तीच जात काळपट होते आणि अंगावर लांबीने पांढऱ्या व नारिंगीसर रेषा दिसतात. त्यामुळे मोठी धाड पडते तेव्हा बहुतेक अळ्या काळ्याच दिसतात. रंगावरून नाव ठरवू नका, पान बघा.

पान कसं दुमडते?

खरी खूण पानावरच असते. अंड्यातून निघालेली बारीक अळी आधी पानाचा वरवरचा भाग खरवडून खाते. शिरेजवळच्या खोलगट जागी दोन-चार धागे ताणून त्याखाली बसते. जरा मोठी झाली की पानाच्या कडेला कात्री लावल्यासारखा काप घेते, तेवढी पट्टी पानावर उलटी दुमडते आणि तोंडातून काढलेल्या रेशमी धाग्याने टाके घालते. शर्टाच्या खिशाचं झाकण असतं तसं ते दिसतं. दिवसभर त्या खिशात बसायचं, आतून आणि आजूबाजूचं पान खायचं, मग पुढच्या पानावर जाऊन नवा खिसा शिवायचा.

शेवटी पानाची मधली शीर आणि मोठ्या शिरा तेवढ्या राहतात. उरलेले तुकडे वाळून तपकिरी होतात. लांबून झाड जळालेलं दिसतं ते यामुळे. झाडाला धक्का लागला की अळ्या धाग्याला लटकून खाली सुटतात. तिवरांच्या खालून चाललात आणि तोंडाला जाळ्यासारखे धागे चिकटले, तर ते कोळ्याचेच असतील असं नाही.

पतंग कसा असतो?

अळीवरून अंदाज येतो, पण पक्की ओळख पतंगावरून होते. पंख पसरले तर या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन ते चार सेंटीमीटर. अंग जाडसर. बसला की पंख कौलारू छपरासारखे अंगावर उतरते ठेवतो. पुढचे पंख राखाडी, तपकिरी किंवा तांबूस, वाळक्या पानासारखे. दोन पतंग शेजारी ठेवले तरी पुढच्या पंखांचा रंग सारखा निघेल असं नाही. म्हणून पुढच्या पंखावरून नाव सांगणारा हमखास चुकतो.

खूण मागच्या पंखात आहे. बसलेला असताना ते झाकलेले असतात. हलकेच पुढचा पंख सरकवा किंवा उडताना बघा. मागचे पंख काळपट तपकिरी आणि त्यांवर नारिंगी-पिवळे वाकडे पट्टे किंवा ठिपके. हा रंग एकदा बघितला की विसरत नाही. दुसरी खूण डोक्याला. तोंडापुढे चोचीसारखं टोक आलेलं दिसतं. ते सोंड नव्हे, तोंडाजवळच्या स्पर्शिका पुढे आलेल्या असतात.

मी त्या दिवशी सहा अळ्या तिवराच्या पानांसकट बरणीत घालून घरी आणल्या. तोंडाला मलमलचं फडकं बांधलं. तिसऱ्या दिवसापर्यंत पाचांनी पानं आवळून कोश केले. सहावी लोळागोळा होऊन मेली. त्यानंतर आठवड्याभरात पतंग निघाले. पहिल्याचा पंख सरकवला आणि नारिंगी पट्टा दिसला, तेव्हा मेव्हण्याला फोटो धाडला. त्याचं उत्तर आलं, "एवढुशा पाखराने एवढं जंगल खाल्लं?"

अंडी ते पतंग: किती दिवस?

मादी कोवळ्या पानाच्या खालच्या बाजूला, शिरेजवळ सुटी-सुटी अंडी घालते. एका मादीची अंडी पाचशेच्या घरात, कधी त्याहून जास्त. अंडी दोनेक दिवसांत उबतात. अळी पाच अवस्थांतून जाते, म्हणजे चार वेळा कात टाकून वाढते. हवा उबदार आणि पालवी कोवळी असेल तर दहा-बारा दिवसांत पूर्ण वाढते, नाहीतर वीसेक दिवस लागतात. कोश सहा ते आठ दिवसांचा. सगळं धरून तीन ते पाच आठवड्यांत एक पिढी होते.

सागाच्या जंगलात अळी जमिनीवर उतरून पालापाचोळ्याखाली कोश करते. खाडीत खाली भरतीचं पाणी. तिथं कोश बऱ्याचदा दुमडलेल्या पानातच किंवा जवळच्या झुडपात सापडतो.

सगळ्या अळ्या जवळजवळ एकाच वयाच्या असतात, ही धाडीची खास गोष्ट. पतंग थव्याने येतात, एकाच वेळी अंडी घालतात, म्हणून अळ्याही एकदम निघतात आणि एकदम मोठ्या होतात. शेवटच्या चार-पाच दिवसांत त्या सगळ्यात जास्त खातात. परवापर्यंत हिरवं असलेलं झाड आज उघडं दिसतं ते त्यामुळे. लोक म्हणतात 'एका रात्रीत जळालं', आणि एका रात्रीत म्हटलं की संशय विषावर जातो. अळ्या दहा दिवस आधीपासून तिथंच होत्या, आपण बघितल्या नाहीत एवढंच.

शास्त्रात याचं घर कोणतं?

वर्गीकरण म्हणजे एका अर्थी सातबारा. कोण कुठल्या खात्यात, कोणाशी सामाईक, हे त्यावरून कळतं. या पतंगाचा उतारा असा: प्राणी सृष्टी, संधिपाद संघ, कीटक वर्ग, लेपिडोप्टेरा गण (पंखांवर बारीक खवले असणारे, म्हणजे सगळी फुलपाखरं आणि पतंग), हिब्लिइडी कुळ, हिब्लिया प्रजाती आणि प्युएरा जाती.

प्युएरा हे नाव पीटर क्रेमर या डच संग्राहकाने १७७७ मध्ये दिलं. हिब्लिया ही प्रजाती फॅब्रिसियस या शास्त्रज्ञाने १७९३ मध्ये मांडली. पुढे इंग्रजी अमलात जॉर्ज हॅम्पसन यांनी भारतातल्या पतंगांवर चार जाड खंड लिहिले, १८९२ ते १८९६ या काळात. त्या जमान्याच्या ग्रंथांत हा पतंग नॉक्टुइडी या मोठ्या कुळात धरलेला आढळतो. आपली लष्करी अळी आणि हरभऱ्यावरची घाटे अळी त्याच कुळातल्या.

मग हा तिथून बाहेर का निघाला? कारण सापडलं कानात. पुष्कळ पतंगांना ऐकण्यासाठी अंगावर पातळ पडद्याचे कान असतात. वटवाघळाचा आवाज त्यांना त्यावर कळतो. नॉक्टुइडी कुळात हे कान छातीच्या मागच्या भागावर असतात. भातावरची पाने गुंडाळणारी अळी ज्या क्रॅम्बिडी कुळात येते, त्यात ते पोटाच्या सुरुवातीला असतात. हिब्लियाला असे कान दोन्ही जागी नाहीत. म्हणून आता त्याचं स्वतंत्र कुळ धरतात. कुळ लहान आहे, जगभर मिळून सुमारे वीस जाती.

कोणती झाडं खातो आणि का?

साग, तिवर, निर्गुडी ही याची नेहमीची झाडं. परदेशातही हा आहे. श्रीलंका, म्यानमार, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, मध्य आणि दक्षिण अमेरिका. ब्राझीलच्या खाड्यांतही तिकडच्या तिवराच्या जातीवर याच्या धाडी पडलेल्या नोंदल्या आहेत.

डोंगरातला साग आणि खाडीतलं तिवर, या दोघांचा संबंध काय? जुन्या वनस्पतीशास्त्रात दोन्ही एकाच कुळात होती, व्हर्बिनेसी. निर्गुडीही तिथंच. नंतर शास्त्रज्ञांनी कुळं नव्याने लावली. साग आणि निर्गुडी तुळशीच्या कुळात गेले, तिवर अडुळशाच्या कुळात. पण ही सगळी कुळं वरच्या एकाच गणात येतात, म्हणजे भाऊबंदकी तुटलेली नाही. कागदावर वाटणी झाली तरी अळीने जेवायची पंगत बदलली नाही.

शेतकऱ्याला यातून कळण्यासारखी गोष्ट ही, की भात, नाचणी, वरी ही गवताच्या कुळातली पिकं. या अळीचा त्यांच्याशी संबंध नाही. खाडीतल्या अळ्या शेतात उतरून भात खातील अशी भीती काही गावांत पसरते. ती मनातून काढून टाका.

गल्लत कशाशी होते?

पहिली गल्लत सागावर. सागाला आणखी एक अळी लागते, पान जाळीदार करणारी. शास्त्रीय नाव युटेक्टोना मॅकेरॅलिस, जुन्या पुस्तकांत हॅपालिया मॅकेरॅलिस. ती शिरांमधला हिरवा भाग तेवढा खाते आणि अख्ख्या पानाची जाळी उरते, चहाच्या गाळणीसारखी. बारीक शिरासुद्धा शाबूत राहतात. हिब्लिया मात्र बारीक शिरांसकट पान संपवते, फक्त मोठ्या शिरा सोडते. वेळही वेगळी. सागावर हिब्लिया पावसाच्या तोंडाला, जाळीवाली पावसाळ्याच्या शेवटाकडे. जाळीवालीचा पतंग लहान, पिवळसर, त्यावर तांबूस नागमोडी रेषा.

दुसरी गल्लत नावाची. 'पान दुमडणारी अळी' म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे भात येतं. भातावरची ती वेगळी, नॅफॅलोक्रोसिस मेडिनॅलिस. गेने या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५४ मध्ये तिचं वर्णन केलं. तिचा पतंग नखाएवढा, सोनेरी पिवळा, पंखांवर काळसर आडव्या रेषा. अळी पिवळट हिरवी, दोन ते अडीच सेंटीमीटर. ती भाताच्या पानाच्या दोन्ही कडा लांबीने जवळ आणून नळी करते आणि आत बसून हिरवा भाग खरवडते. पानावर पांढरे लांबट पट्टे पडतात. युरिया जास्त झाला, सावली असली, बांधावर गवत माजलं की ती वाढते.

तिसरी गल्लत भातातच. सुरळीतील अळी पानाचा तुकडा कापून त्याची सुरळी करते आणि त्यात बसते. या सुरळ्या खाचरातल्या पाण्यावर तरंगताना दिसतात. पान झाडालाच राहून त्याची नळी झाली असेल तर पाने गुंडाळणारी. तुकडा कापून सुरळी पाण्यावर तरंगत असेल तर सुरळीतील अळी. कोकणात निळे भुंगेरेही पानावर पांढऱ्या रेघा पाडतात आणि पान कडेने वळतं, पण तिथं बारीक निळसर भुंगेरा सापडतो. कृषी सहाय्यकाला फोन करताना नुसतं 'पानं गुंडाळतायत' म्हणू नका. यातलं कोणतं ते सांगा, म्हणजे औषध चुकत नाही.

अळी की विष? जागेवर करायच्या सहा तपासण्या

१. पान हातात घ्या. कडा कुरतडलेल्या, शिरा उरलेल्या, दुमड आणि धागे असतील तर अळी. पान अख्खं आहे पण पिवळं पडून वाळलंय, तर कारण दुसरं.

२. झाडाखाली बघा. काळ्या लेंड्या पडल्या असतील तर अळी. भरती येऊन गेली असेल तर धुतल्या जातात, म्हणून ओहोटीच्या वेळी, उंचावरच्या चिखलावर किंवा खालच्या फांद्यांवर बघा.

३. शेजारची झाडं बघा. अळी तिवर निवडून खाते. चिप्पी, कांदळ हिरवे आणि मधली तिवरं तेवढी तपकिरी, तर अळीचाच संशय धरा. तेल, रसायन किंवा अडवलेलं पाणी जात बघत नाही, सगळ्यांनाच धरतं.

४. नखाने फांदीची साल खरवडा. आत हिरवं आणि ओलं असेल तर झाड जिवंत आहे. फांदी आतून तपकिरी आणि कोरडी असेल, काडीसारखी मोडत असेल, तर गंभीर.

५. खोड बघा. बुंध्याशी साल गोल काढली आहे का, कुऱ्हाडीचे घाव आहेत का, भोक पाडलं आहे का. तसं असेल तर ते माणसाचं काम.

६. पाणी बघा. नवा बांध, भराव किंवा बुजवलेली मोरी यामुळे भरती आत येत नाही का? किंवा पाणी आत साचून ओसरत नाही का? तिवराच्या चिखलातून वर आलेल्या पेन्सिलीसारख्या मुळ्या श्वास घेतात. त्या दिवसेंदिवस बुडून राहिल्या किंवा मातीखाली गेल्या की झाड गुदमरतं.

पहिल्या चार खुणा अळीच्या बाजूने असतील आणि पाचवी-सहावी काही नसेल, तर निवांत राहा. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा त्याच जागी जाऊन त्याच कोनातून फोटो काढा. पालवी फुटलेली दिसेल. मार्व्याला मी पुन्हा गेलो तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती. झाडं कोवळ्या पानांनी भरली होती आणि कुणी मागची गोष्ट काढतही नव्हतं.

पाचव्या-सहाव्या खुणा सापडल्या तर मात्र गप्प बसू नका. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ च्या आदेशाने राज्यभर तिवरांची तोड आणि त्यांच्यापासून ५० मीटरच्या आत बांधकाम यांवर बंदी घातली. १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात ती पुन्हा ठामपणे मांडली. वनविभागाचा कांदळवन कक्ष २०१२ पासून आहे. तारीख आणि जागा दिसेल असे फोटो काढून तिथे किंवा तहसीलदारांकडे लेखी तक्रार द्या. अळीच्या दहा खोट्या तक्रारी गेल्या की अकरावी खरी तक्रार कुणी वाचत नाही, हेही ध्यानात ठेवा.

औषध मारावं का?

खाडीत अजिबात नाही. तिवराच्या पानावर मारलेलं कीटकनाशक भरतीच्या पाण्यात उतरतं. त्याच पाण्यात कोळंबीची आणि माशांची पिल्लं वाढतात, चिखलात खेकडे, निवट्या असतात. अळी महिन्याभरात आपली आपण जाते, पण खाडीवर पोट असलेल्यांचा हंगाम परत येत नाही. शिवाय औषधाने अळीचे शत्रूही मरतात. पक्षी, कोळी, अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या आणि परोपजीवी माश्या हे सगळे या अळीवर जगतात.

या अळीला एक विषाणूजन्य रोगही होतो. रोगी अळी मऊ पडते, लटकते आणि आतून पाणी होते. माझ्या बरणीतली सहावी अळी कदाचित त्यानेच गेली. केरळ वन संशोधन संस्थेने याच विषाणूचा उपयोग करून सागावरच्या अळीवर उपाय विकसित केला.

सागाचा हिशोब जरा वेगळा. त्याच संस्थेने नीलांबूरच्या सागवनांत केलेल्या अभ्यासात, ४ ते ९ वर्षं वयाच्या झाडांची या अळीमुळे लाकडाची वाढ ४४ टक्क्यांनी कमी भरली होती. म्हणजे झाड मरत नाही, पण खोड भरायचं ते पानं पुन्हा फुटण्यात खर्च होतं. सागाची लागवड केलेल्या शेतकऱ्याने हे लक्षात घ्यावं. बांधावरच्या मोठ्या सागाला काही करायची गरज नाही. रोपवाटिकेत किंवा पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या रोपांवर दुमडलेली पानं दिसली तर हाताने दाबून अळी मारा. मोठी लागवड असेल तर वनविभागाचा किंवा कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्या. पावसाची पहिली सर पडून पालवी आली की आठवड्यातून एकदा पानं उलटून बघायची सवय ठेवा.

फोटो आणि नमुना कसा घ्यावा?

आमच्याकडे किंवा कुणाही जाणकाराकडे फोटो पाठवताना एवढं करा. झाडाचा लांबून एक, फांदीचा जवळून एक, दुमडलेलं पान बंद आणि उघडं असे दोन, अळीचा वरून आणि बाजूने. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे माप कळतं. झाडाचं नाव, गाव, तारीख लिहा. पतंग मिळाला तर मागच्या पंखाचा फोटो हवाच, त्याशिवाय खात्रीने नाव सांगता येत नाही.

शक्य असेल तर चार-पाच अळ्या बरणीत ठेवून पतंग निघेपर्यंत थांबा. त्याच झाडाची ताजी पानं रोज घाला, लेंड्या काढा, फडकं बांधा, उन्हात ठेवू नका. शाळेतल्या मुलांना हे काम द्या, पुस्तकातल्या चार अवस्था डोळ्यांनी दिसतील. पतंगांच्या नोंदीसाठी 'मॉथ्स ऑफ इंडिया' हे संकेतस्थळ आणि 'आयनॅचरलिस्ट' हे ॲप आहे, दोन्ही फुकट. मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही १८८३ पासूनची संस्था आहे. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. नमुना पक्का करायचा झाला तर या जागा आहेत.

आता एवढंच सांगायचं. येत्या पावसाळ्याच्या शेवटी तुमच्या खाडीतली तिवरं तपकिरी दिसली, तर आधी पाय चिखलात घाला आणि पान उलटून बघा, मग फोटो फॉरवर्ड करा. त्या दिवशी मी गाडी पकडली नसती तर ज्याचा काही संबंध नव्हता अशा माणसाच्या दारात माझी बातमी जाऊन पोचली असती. पुसलेली ती बातमी आता कुणाला आठवत नाही, पण छापली असती तर त्या माणसाला जन्मभर आठवली असती.